जिवतीवालीची बाही

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी एवढं लांबलचक तू वाचत बसली नसतीस. "थोडक्यात सांग वो, चुलीवर भात लागून राह्यला," असं म्हणून उठून गेली असतीस. पण थोडक्यात सांगण्यासारखं आज माझ्याकडे काही नाही. दुपार झाली आहे, केंद्रात कोणी नाही, मशिनींवर खोळी चढवून ठेवल्या आहेत. खाली आठवडी बाजार भरलाय आणि एक जण भोंग्यावरून ब्लँकेटं विकून राह्यलाय. मी टेबलाशी बसले आहे. सकाळी मी एक गोष्ट करून बसले. ती बरोबर की चूक ते मला कळत नाही, आणि जिला विचारावं अशी एकच बाई होती, ती तू. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या डोक्यात आता तुझ्याहून जास्त पांढरं आहे. तरी विचारायला तूच आठवलीस, काय करू!

आता मला सगळे मॅडम म्हणतात. हसू नकोस. चामोर्शीत खताच्या दुकानाच्या माडीवर आमचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं मी मोटारीच्या मशिनीवर शिवण शिकवते. भिंतीवर मोठा फलक लावलाय, देशातल्या प्रत्येक हाताला हुनर आणि प्रत्येक हुनराला काम. फलकावरची बाई गोरीपान आहे, तिच्या नखात माती नाही, आणि शिवताना ती मशिनीकडे न बघता आपल्याकडे बघून हसते. आमच्या बायका तिच्याकडे पाहून म्हणतात, "हिचं बोट नाई का जात वो सुईखाली?" या बायका म्हणजे काही कोवळ्या पोरी नव्हेत, माय. लेकरांच्या आया आहेत, एकदोघी तर सासवा झाल्यात. सकाळी सैपाक उरकून, ढोरं सोडून, ऑटोत दाटीवाटीनं बसून येतात. सरकारी भाषेत त्या उमेदवार. हजेरीला मशिनीवर अंगठा ठेवायचा असतो, आणि निम्म्याजणींचा अंगठा ती मशीन ओळखतच नाही, रेषाच झिजून गेल्यात. मग पदराला पुसायचा, फुंकर मारायची, परत ठेवायचा. वर्ग सुरू व्हायला उशीर होतो तो त्यापायी, आणि नागपूरच्या बैठकीत बोलणी मी खाते.

मोठ्या माणसाला शिकवणं सोपं नसतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पोरगी चुकली तर खिदळते. चाळिशीतली बाई चुकली की आधी इकडं-तिकडं बघते, कोणी पाहिलं तर नाही ना. पहिले काही दिवस तर मोटारीच्या मशिनीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. पायमशिनीची सवय असलेल्या बाईनं जोरात पाय दाबला की मशीन उधळल्या बैलासारखी सुटायची आणि कापड कुठल्या कुठं. "मायवं! खाते काय हे?" म्हणून एक जण उठून उभीच राहिली होती. मी हसून सांगायची, काही होत नाही, बसा. पण आतून मलाही धाकधूक. या बायका आपल्या रोजीचे दिवस सोडून माझ्यासमोर येऊन बसल्यात, शिकल्यावर काम मिळालं नाही तर त्या कोणाचं नाव घेतील? फलकावरच्या बाईचं तर घेणार नाहीत.

तशी यंदा आशा होती. गावाबाहेर शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना सुरू झालाय. आमचं प्रमाणपत्र दाखवलं की घेतात. वर्षभर काम, सावलीत बसून, संध्याकाळी आपल्या घरी. तुला हे ऐकून खोटं वाटेल. आपल्या भागातल्या बाईला पगाराचं काम म्हटलं की लांबच जावं लागायचं, नाहीतर धान झाल्यावर टेंपोत बसून तेलंगणात मिरची तोडायला. ते अजून चालूच आहे, माय. मुकादम येतो, गावागावातून माणसं गोळा करतो, भांडी-कुंडी, लेकरं-बाळं सगळं टेंपोत. होळीपर्यंत गावं निम्मी रिकामी.

आणि रोवणी! रोवणीचं तर विचारूच नको. धानाची रोवणी लागली की माझा वर्ग रिकामा. मी फोन करते, पलीकडून चिखलाचा पचपच आवाज येतो आणि बाई ओरडते, "रोवणी हाये ना बाई, बांधीत हाये मी!" झालं, पुढं बोलणंच नाही. वरचे साहेब मला विचारतात, उमेदवार का गळतात, त्यांचं समुपदेशन करा. आता रोवणीला काय समुपदेशन करू? आज ही माझ्या धानाच्या बांधीत आली, उद्या मी तिच्या बांधीत गेले नाही तर पुढच्या साली कोण येईल? हे तू मला शिकवायची गरजच पडली नव्हती. मी पाळण्यात नव्हते तेव्हा बांधीच्या कडेला धुऱ्यावरच होते, पोत्याच्या झोळीत.

तू टोळीची म्होरकी. मला अजून तुझी पाठ दिसते, कमरेत वाकलेली, डोक्यावर फाटकं पोतं, डाव्या हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंढी. ओळीनं बायका उभ्या आहेत, प्रत्येकीची आपापली पात, आपला पट्टा ठरलेला, रोपं टोचत टोचत सगळ्या मागं मागं सरकतायत. एखादी मागं पडली, अंग दुखत असेल, पोटुशी असेल, तर तिच्या दोन्ही बाजूच्या बायका हात लांबवून तिच्या पातीत रोपं टोचून टाकायच्या. कोणी काही बोलायचं नाही. उपकार नाही, बोलाचाली नाही, ओळ सरळ राहिली म्हणजे झालं. आणि ज्या धुऱ्यापाशी, पलीकडच्या बांधापाशी पोचायचं तो सगळ्यांच्या पाठीशी. वाकलेल्या बाईला तो दिसतच नाही. मग तू हाक द्यायचीस, "आला वो धुरा, आला, आला!" आणि हात भरभर चालायचे.

मी पहिल्यांदा ओळीत उभी राहिले तो दिवस. तुझी हाक ऐकून मला ते खरंच वाटलं. मी सरळ उभी राहिले, मान वळवून मागं पाहिलं आणि मोठ्यांदा बोलले, "माय, धुरा त लय दूर हाये!" अख्खी ओळ थांबली. तू चिखलाचा हात माझ्या पाठीत असा हाणलास की झंपरावरचा डाग पुढं कधी गेलाच नाही. "तुले कोनं इचारलं? आपली पात पाय!" मी दिवसभर रडत रोपं टोचली. रात्रीचं जेवण तुझ्या चुलीपुढं, लाखोळीची डाळ आणि भात, मी ताट पुढं घेऊन रुसून बसले. मी म्हटलं, तू खोटं बोलतेस. तू काटक्या आत सारत शांतपणे म्हणालीस, "थ्या बायाईले ठाऊक नसन का, धुरा दूर हाये मनून? ठाऊक रायते त्याईले. तरी कोनी सांगाव लागते, पोरी. खाय आता." मला ते काही पटलं नव्हतं. माझा राग त्यानंतर कितीतरी दिवस टिकला, आणि तू तो काढायला म्हणून मार्कंड्याच्या जत्रेतून मला कात्री आणलीस. सगळ्याजणींनी पोरींना बांगड्या-रिबिनी घेतल्या आणि तू कात्री! तेव्हा मी अजूनच रुसले. ती कात्री आज इथं टेबलावर आहे. धार लावून लावून बारीक झालीय, पण कापडाला अजून चावते.

आता जिवतीवालीचं सांगते. ती जिवतीच्या डोंगराकडची, इथं एका गावात दिलेली, म्हणून सगळ्या तिला माहेराच्या नावानं जिवतीवाली म्हणतात. तिच्याकडं कापूस आणि ज्वारी, धानाचं तिला काही ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा चिखलात पाय टाकायलाही भ्यायची, असं ती स्वतःच सांगते. रोवणीत तिच्या शेजारी मार्कंड्यावाली असायची, ती मोठी बोलघेवडी, हाताची तेज. तेव्हापासून दरसाल मार्कंड्यावालीनं जिवतीवालीची पात ओढत आणलीय. दोघी माझ्याकडं एकत्रच आल्या आणि शेजारशेजारच्या मशिनींवर बसल्या. जिवतीवालीचा नवरा नाही. घरी म्हातारी सासू आणि एक लेक, ती दहावीला. दरसाल मिरचीला जाताना लेकीला सोबत न्यावं लागतं, घरी ठेवायची कोणाच्या भरवशावर? यंदा पोरीची बोर्डाची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "बाई, मले लवकर नाई जमत. पन यंदा मिरचीले नाई जाचं मनून आली मी. पोरीले पेपर देऊ द्याचे हायेत." बास, तेवढंच. त्या दिवसापासून ही बाई माझ्या मानगुटीवर बसली बघ, झोपेतसुद्धा मला तिचे टाके दिसायचे.

तिच्या बोटांना दोरा कळत नाही, माय. मिरची तोडून तोडून कातडी अशी जाड झालीय की दोरा बोटात आहे की सुटला, हे तिला बघूनच समजतं. सुईत ओवताना ती दोरा आधी ओठाला लावते, ओठाला कळतो म्हणून. सगळ्या शर्टाची कॉलर लावत होत्या तेव्हा ही खिशावर होती, सगळ्या काज-बटणावर गेल्या तेव्हा ही कॉलरीवर. पण उसवायला कंटाळली नाही कधी. मी ओरडायची, कधी फार ओरडायची, तुझ्यासारखं. ती मान खाली घालून म्हणायची, "हव बाई, करतो."

धान कापून, चुरून घरात आलं आणि आमच्या केंद्राची परीक्षा लागली. परीक्षक म्हणून एक तरुण पोरगा आला, शहरातला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. वाईट नव्हता. घामेजलेला होता, एसटीत उभा राहून आला होता, मी दिलेलं पाणी तो घटाघटा प्यायला आणि बायकांना म्हणाला, "ताई, घाबरू नका. प्रत्येकीनं एक शर्ट, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या बटणापर्यंत स्वतः शिवायचा. कोणी कोणाशी बोलायचं नाही." मग त्यानं टॅब खिडकीत उभा करून ठेवला, सगळं टिपून घ्यायला. मशिनी सुरू झाल्या. मी भिंतीला पाठ लावून उभी. माझी नजर जिवतीवालीवरून दुसरीकडं जातच नव्हती.

वेळ संपत आली. एकेक जण शर्ट घडी करून ठेवत होती. मार्कंड्यावालीचा केव्हाच झाला होता, तिनं कडाकडा बोटं मोडली आणि शेजारी पाहिलं. जिवतीवालीची एक बाही लागली होती, दुसरी हातात. मार्कंड्यावालीनं काही न बोलता हात लांब केला, तो शर्ट बाहीसकट आपल्या मशिनीखाली ओढला, सर्रकन बाही लावली आणि परत तिच्या मांडीवर ठेवला. जिवतीवालीनंही तो घेतला आणि बटणाकडे वळली. आणि माय, ऐकतेस का, मीही ते पाहिलं. पूर्ण पाहिलं. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. उलट बरं वाटलं. मी, वर्ग घेणारी मॅडम, नियम फळ्यावर लिहून देणारी, मला कळलंच नाही की हे परीक्षेत चालत नसतं. त्या पोरानं "एक मिनिट!" म्हटलं तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

"ही बाही कोणी लावली?"

"मी," मार्कंड्यावाली छाती काढून म्हणाली. "तिची मांग राह्यली होती ना!"

"ताई, मी सांगितलं होतं ना?"

"आमी बोललो कुठी साहेब? एक सबद नाई बोललो!"

दोनचार जणी हसल्या, आणि मग त्याचा चेहरा पाहून गप्प झाल्या. जिवतीवाली उठून उभी राहिली. तिचा रंगच उडाला होता. ती त्याला नाही, मला विचारत होती, "माह्यापायी हिचंबी जाते का, बाई?" मी पुढं झाले आणि त्या पोराला काय काय सांगत सुटले, रोवणी कशी असते, पात कशी असते, आणि कारखान्यात तरी कोण एकटी अख्खा शर्ट शिवते हो, एक बाही लावते, एक कॉलर, एक बटणं! मी फार मोठ्यानं बोलत होते. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, कारखान्यात तसंच असतं, मला माहीत आहे. पण प्रमाणपत्रावर एकीचंच नाव असतं. मी काय लिहू, सांगा."

शेवटी त्यानं एवढं केलं. मार्कंड्यावालीचा शर्ट तिचा तिनं शिवला होता, तो तसाच धरला. जिवतीवालीला म्हणाला, ती बाही उसवा आणि उरलेल्या वेळात तुम्ही स्वतः लावा. बाकीच्या सगळ्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मार्कंड्यावाली जमिनीवर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "आपोआप जाते हात," ती पुटपुटली. मी जिवतीवालीला तुझी कात्री दिली. टाके एकेक करून निघत होते. तिनं दोरा ओठाला लावला, ओवला. बाही खांद्याला टाचली. मशीन चालली, थांबली, परत चालली. काखेपाशी कापड गोळा होतंय हे मला दिसत होतं, सगळ्यांनाच दिसत होतं, आणि कोणी तोंड उघडलं नाही. मी आयुष्यात इतकी भ्यायले नसेन. झालं तेव्हा बाहीला चुण्या होत्या. फार नव्हत्या, पण होत्या. तो पोरगा शर्ट उजेडात धरून बघत राहिला, त्यानं फोटो काढला आणि म्हणाला, "मी जे झालं ते वर कळवतो. निकाल वरून येईल."

सगळ्यांचे निकाल आले. मार्कंड्यावाली पास झाली, कारखान्यात जायलाही लागली, निळा अंगरखा घालते. जिवतीवालीच्या नावापुढं मात्र अजून 'प्रलंबित'. मी दिवसातून किती वेळा फोनवर ते पान उघडते, मलाच लाज वाटते. वरच्या कार्यालयात फोन लावला तर म्हणतात, प्रक्रियेत आहे. कारखान्यातल्या बाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, नवीन लाइन सुरू होतेय, कागद आणा, थोडे दिवस जागा ठेवते. थोडे म्हणजे किती, ते विचारायची माझी छाती झाली नाही. मार्कंड्यावाली कामावरून सुटली की माडीचा जिना चढून येते, दारातच उभी राहते. "आलं का बाई तिचं?" मी नाही म्हणून मान हलवते. ती म्हणते, "मले त वाटते मीच हात घातला नसता त बरं झालं असतं. पन ते दिसते ना बाई, मांग राह्यलेली. आता डोये मिटू का?" मग जिना उतरून जाते.

आणि आज सकाळी टेंपो आला. बाजाराच्या दिवशीच येतो मुकादम, माणसं सापडतात म्हणून. मी केंद्राचं कुलूप काढत होते. खाली चौकात टेंपो उभा, मागं गाठोडी चढवणं चाललेलं. जिवतीवाली जिन्याखाली उभी. डोक्यावर गाठोडं, बाजूला सासू, आणि लेक शाळेचं दप्तर पाठीला लावून. मिरचीला निघालेली पोर दप्तर कशाला घेते, असं मनात आलं. मुकादम हाका मारून राह्यला होता. जिवतीवाली दोन पायऱ्या चढली आणि थांबली.

"बाई, तो मनते बसायचं असन त आताच बस. नाई त जागा दुसरीले देतो." मग हळूच, "काई आलं का?"

फोन माझ्या हातातच होता. जिन्यातच मी ते पान उघडलं होतं. तेच, प्रलंबित. मला दिसत होतं की ही आता बसली नाही आणि निकाल उलटा आला, तर मिरचीही गेली आणि कारखानाही. मिरचीवर यांचा उन्हाळा निघतो. ती चूल पेटती ठेवायला मी पुरी पडणार आहे का? माझीच नोकरी कंत्राटाची. आणि बसली, तर पोरीची दहावी त्या टेंपोत गेली. मला खरं सांगायचं होतं. खरं म्हणजे 'माहीत नाही'. तेवढं बोलले असते तर तिचं तिनं ठरवलं असतं, मी सुटले असते. पोरगी माझ्याकडं बघत होती.

मी म्हणाले, "आला निकाल. पास झालीस. नको बसू."

माझा आवाज इतका ठाम निघाला की मीच दचकले. सासूनं हात जोडले. पोरगी तर दप्तरासकट जागीच उडाली. जिवतीवाली तेवढी हलली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडं पाहिलं. "दाखवा" म्हणाली नाही. म्हणाली असती तर काय केलं असतं, देव जाणे. मग तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली घेतलं, पायरीवर ठेवलं आणि म्हणाली, "आला मनता त आला, बाई." आणि मुकादमाला हातानंच सांगितलं, जा म्हणून. टेंपो गेला. ती लेकीला शाळेच्या रस्त्याला लावून, सासूला घेऊन बाजारातून गावाकडं चालत गेली.

तेव्हापासून मी इथं बसले आहे. तुला हे सगळं कळलं असेल का गं, असं मनात येतं आणि मग वाटतं, छे, मेलेल्या माणसाला कसलं कळतं. पण एक विचारायचं राहून गेलं तुला. तेव्हा मी फक्त एवढंच धरून बसले की माय खोटं बोलते. तुला धुरा दिसतो, तो किती दूर आहे हे तुला ठाऊक आहे, आणि तरी तू आला आला म्हणतेस, असंच मी समजत होते. आज जिन्यात उभी असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तूही त्याच ओळीत होतीस. आमच्यासारखीच वाकलेली, आमच्यासारखीच पाठमोरी. तुलाही दिसत नव्हता, होय ना? मग रोज, पावसात, इतक्या बायकांना सांगताना तूही अशीच भ्यायचीस का? एकदा तरी बोलायचं होतंस. मी झंपर धुता धुता तुला किती शिव्या घातल्या होत्या.

माय, निकाल अजून लागलेला नाही. मार्कंड्यावाली संध्याकाळी जिना चढून येईल, आणि तिलाही मी तेच सांगणार आहे. हे लिहायला बसताना मी फोन टेबलावर उपडा ठेवला, तुझ्या कात्रीखाली. मघापासून तो दोनदा थरथरला. मान वळवून धुरा बघायची तेव्हा मला कोण हौस होती. आज मी अजून तो फोन सुलटा केलेला नाही.